ओळीतला सर्वांत मोठा आकडा

४ फेब्रुवारी, सोमवार

एकवीस वर्षं गिरणीच्या गेटवर बसून लोकांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या. आजपासून ते काम अंगठा बघणारं एक यंत्र करणार. यंत्राला चहा लागत नाही, त्याचा गुडघा दुखत नाही आणि ते कुणाच्या घरची चौकशी करत नाही. मला उचलून सुरक्षा विभागात टाकलंय, तीन महिन्यांच्या बोलीवर. जमलं तर राहा, नाहीतर नमस्कार.

साहेब माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "चला चला" म्हणतात, मग कुणाला कुठे जायचं असो वा नसो. त्यांनी एक खोकं पुढ्यात आदळलं. कामगारांच्या कानांच्या तपासणीची कार्डं. तीनशे बारा माणसं, प्रत्येकाची पाच वर्षं. हे सगळं कॉम्प्युटरवर शीटमध्ये भरायचं. एका माणसाला एक ओळ, ओळीत पाच वर्षांचे पाच आकडे, आणि प्रत्येक ओळीतला सर्वांत मोठा आकडा पिवळा करायचा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाहेरचे इन्स्पेक्टर येणार आहेत. "चला चला."

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणजे माझा नवरा. त्याच गिरणीत जॉबर आहेत, माग अडला की तो दुरुस्त करून चालू करून देणारे. मी भांडी घासता घासता दहा मिनिटं बोलले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हो, उद्या आणतो."

काय आणणार ते त्यांनाच माहीत.

६ फेब्रुवारी, बुधवार

गिरणीच्या दवाखान्यातल्या सिस्टर कार्डांचा दुसरा गठ्ठा घेऊन आल्या. कानांची तपासणी त्याच करतात. माणसाला एका बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, शिट्टीसारखा बारीक आवाज सोडायचा आणि ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. आपल्या डब्यातलं सगळ्यांना वाढून स्वतः अर्धपोटी राहणारी बाई.

मी म्हटलं, "सिस्टर, ह्या माणसाचे कान काय तीक्ष्ण आहेत! पासष्ट!"

त्या हसायलाच लागल्या. "अहो, उलटं आहे ते. आवाज किती मोठा केला तेव्हा त्याला ऐकू आला, तो हा आकडा. पासष्ट म्हणजे बिचाऱ्याच्या कानाशी पातेलं आपटावं लागेल."

"मग औषध काय देता?"

"ह्याला औषध नाही. सर्दीपडशाने आकडा पाचाने इकडेतिकडे होतो, पण मागांच्या आवाजाने गेलेलं ऐकणं परत येत नाही. वर्षं जातात तसा तो चढतच जातो."

म्हणजे मी दोन दिवस बहिऱ्यांचं कौतुक करत होते.

११ फेब्रुवारी, सोमवार

चौऱ्याण्णव ओळी हाताने रंगवल्या. चाळिसाव्या ओळीत चूक सापडली, म्हणून पुन्हा पहिलीपासून. डोळे मिटले तरी पिवळं दिसतं. रस्त्याने चालताना गाड्यांच्या नंबरांतला मोठा आकडा शोधत असते. एका जागी दहा मिनिटं बसवत नाही. उठते, पाणी पिते, बसते, पुन्हा उठते. साहेब दर तासाला डोकावून जातात.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दूर हॉस्टेलवर राहून शिकते.

"आई, तू हाताने रंगवतेयस? तीनशे ओळी?"

"मग काय पायाने रंगवू?"

तिने कपाळाला हात मारलेला मला इथे ऐकू आला. मग शिकवलं. शीटला एक नियम सांगून ठेवायचा, की ह्या घरातला आकडा ओळीतल्या सर्वांत मोठ्या आकड्याएवढा असेल तर घर पिवळं कर. ती त्याला सेल म्हणते, मी घर म्हणते. मी नियम टाकला, तर भलतंच. पहिल्या माणसाचा मोठा आकडा चाळीस, तर शीटभर जिथे जिथे चाळीस तिथे तिथे पिवळं. सगळ्या गिरणीला पहिल्याच्या मापाने मोजत होतं.

"नियमात ओळ सांगितलीस, तिथे डॉलरचं चिन्ह कुठे टाकलंस?"

"सगळीकडे. म्हटलं, कुठे कमी पडायला नको."

"फक्त कॉलमच्या अक्षराआधी टाक. ओळीच्या आकड्याआधी नको. कॉलम खुंटीला बांधायचे आणि ओळ मोकळी सोडायची. मग प्रत्येक ओळ आपली आपल्यापुरतं बघते."

पोरगी हुशार आहे. शेवटी म्हणाली, बाबांना दे. ह्यांनी फोन घेतला, "हो हो, छान, अभ्यास कर" म्हणाले आणि माझ्या हातात परत दिला. लेक मला म्हणते, "मी त्यांना विचारलं, पाठीचं दुखणं कसं आहे, तर छान?"

बापलेकीचं काहीतरी बिनसलंय. मला कोण सांगतंय!

१३ फेब्रुवारी, बुधवार

झालं! डोळ्याचं पातं लवायच्या आत तीनशे बारा ओळी रंगल्या. बहुतेकांचं पिवळं घर उजव्या टोकाला, म्हणजे सर्वांत अलीकडच्या तपासणीत. सिस्टर म्हणाल्या तसंच, आकडे चढतच गेलेले.

पण अकरा ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत पिवळ्या धमक. चार वेळा नियम पुसला, चार वेळा टाकला. जैसे थे. लेकीला कळवलं तर तिचा उलट निरोप, "पाचही आकडे सारखे असतील तर पाचही सर्वांत मोठे. नियम बरोबर आहे. चहा पी."

खरंच, त्या ओळींत पाच वर्षं एकच आकडा होता. आणि त्या अकरांत एक ओळ ह्यांची! पंचवीस, पंचवीस, पंचवीस, पंचवीस, पंचवीस. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढून माणूस तसूभर हलला नाही. बाकी बायका नवऱ्याच्या बढतीच्या गोष्टी सांगतात, मी कानांची सांगेन म्हटलं. दवाखान्यात जाऊन सिस्टरना सांगूनही आले. त्या "हो, त्यांचं चांगलंच आहे" म्हणाल्या आणि नुकत्याच मोजून ठेवलेल्या बँडेजच्या गुंडाळ्या पुन्हा मोजू लागल्या.

दमल्यात बिचाऱ्या. निवृत्ती जवळ आली की असं होत असावं.

१७ फेब्रुवारी, रविवार

ह्यांच्या खांद्यावर हे एवढं काळंनिळं. विचारलं तर म्हणे, ट्रॉलीवाल्याने मागून धडक दिली, भोंगा वाजवला नाही. ट्रॉलीवाला तर रिकाम्या रस्त्यावरही भोंगा वाजवणारा माणूस. म्हटलं, असेल त्याचाही दिवस वाईट.

घरात टीव्हीचा आवाज असा, की शेजारणीने भिंतीवर थापा मारल्या. "अहो, कमी करा," म्हटलं. "मला नको, तूच घे," म्हणाले. मी ताटातलं काही वाढत नव्हते.

चिडायचं नाही असं ठरवते आणि दिवसभर घरात येरझारा घालते. कपाट आवरलं, तेच पुन्हा आवरलं. एका गोष्टीबद्दल कधी कुठे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण आज लिहून टाकते. दोन वर्षांपूर्वी मला छातीत गाठ लागली. हे बूट घालत असताना मी पाठीमागून सांगितलं. "हं," म्हणाले आणि गेले. तपासणीला एकटी गेले. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. हे मोरीतला नळ दुरुस्त करत होते, पाणी चालू होतं. मी दारात उभी राहून म्हटलं, "गाठ साधी आहे. कॅन्सर नाही."

हे म्हणाले, "वायसर बदलला की होईल ठीक."

त्या दिवसापासून मी ह्यांना काही मनातलं सांगत नाही. ह्यांच्या ते लक्षातही आलेलं नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार

अकराच्या सुमाराला दोन नंबरच्या शेडमध्ये अपघात झाला. चार वर्षांपासून काम करणारी एक विणकर बाई, तिचा माग ह्यांनी दुरुस्त केला. तुटलेला धागा काढायला तिने हात आत घातला होता. हे दुसऱ्या टोकाला होते. ह्यांनी कळ दाबली. तिची दोन बोटं चिरडली.

तिला माझ्या खिडकीसमोरून नेलं. रडत नव्हती. हे शेडबाहेर पायरीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मी तीनदा हाक मारली, वर बघितलं नाही. धक्का बसलाय.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

अपघाताची नोंद सुरक्षा विभागाने करायची, म्हणजे मी. नवऱ्याचा जबाब बायकोने लिहायचा हे मला कसंसंच वाटलं, पण साहेब म्हणाले, "लिहायचंच तर आहे, चला चला."

हे म्हणाले, "मी विचारलं, चालू करू का? कुणी काही बोललं नाही. म्हणून केला."

बाईने हॉस्पिटलातून नवऱ्याबरोबर सांगून पाठवलं होतं, की ती "थांबा" म्हणून तीनदा ओरडली. आजूबाजूच्या मागांवरचे म्हणतात, आम्ही कानांत बोळे घातलेले, आम्हाला काय कळणार.

साहेब पेन चावत बसले. "कोणाचं खरं मानायचं?"

मी शीट उघडून ह्यांची ओळ दाखवली. "बघा, पाच वर्षं पंचवीस. समोरची बाई तीनदा ओरडली आणि ह्या कानांना ऐकू आलं नाही, असं होईल का?"

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. 'कामगार बाईने आवाज दिला नाही. अपघात तिच्या निष्काळजीपणामुळे.' चार तारखेला तिची चौकशी आहे. कामावर ठेवायचं की नाही ते तिथे ठरेल.

ह्यांची बाजू मांडली, तर बरं वाटायला हवं होतं. जेवण गेलं नाही.

२५ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना त्या अकरा ओळी खुपतात. "अख्खी ओळ पिवळी दिसली की इन्स्पेक्टर विचारणार. एकच घर ठेवा."

लेकीला विचारून नियम बदलला. सारखे आकडे असतील तर फक्त पहिलं घर रंगेल. झालं काम. पण आता ते अकरा जण डाव्या टोकाला आणि बाकी गिरणी उजव्या टोकाला. रांगेत पाठ फिरवून उभे राहिल्यासारखे. बघत बसले. उरलेल्या तीनशे एक ओळींत मी शोधलं, एकाही माणसाचे सलग तीन आकडे सारखे नाहीत. पाच वर, पाच खाली, मग वर. सर्दीपडशानेही हलतो म्हणाल्या होत्या ना सिस्टर. मग ह्या अकरांना पाच वर्षांत एकदाही सर्दी झाली नाही?

ह्यांना तर दर हिवाळ्यात होते. काढे मीच करते.

माझंच टाइप करताना चुकलं असेल. उद्या मूळ कार्डं बघते.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

टाइप करताना चुकलेलं नाही.

ह्यांच्या कार्डावर तीन वर्षांपूर्वीच्या तपासणीची तारीख १४ जून. ती तारीख मी मेले तरी विसरणार नाही. त्या दिवशी आम्ही दोघं लेकीला हॉस्टेलवर सोडायला गेलो होतो. परत येताना हे बसमध्ये तोंडावर वर्तमानपत्र धरून रडले. मी तडक जुन्या सामानाच्या खोलीत गेले आणि गेटचं रजिस्टर काढलं. ह्यांच्या नावापुढे 'रजा', आदल्या दिवशी मीच लिहून ठेवलेली.

सिस्टरसमोर कार्ड आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं. त्यांनी उठून दार लावलं.

"पाच वर्षांपूर्वी त्यांचा आकडा पन्नास आला," म्हणाल्या. "खोलीतून बाहेर येईनात. म्हणाले, सिस्टर, मागांपासून काढू नका मला. पन्नास झाला की गोदामात पाठवतात ना. मी त्याच्या आधीच्या वर्षीचा पंचवीस लिहिला. एकदाच म्हणून लिहिला. पुढच्या वर्षी काय लिहिणार होते? ते एकटे नाहीत. त्याच वर्षी एकेक करून दहा जण आणखी आले."

"आणि माझ्याशी एका शब्दाने बोलला नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. एका घरात राहता."

मी रजिस्टर मिटून काखेत घेतलं.

२७ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसातून लवकर आले. हे पहिल्या पाळीहून येऊन खिडकीशी कढईचा कान बसवत होते. माझ्याकडे पाठ. मी चप्पल न काढता दारातच उभी राहिले.

"अहो," म्हटलं. नेहमीच्या आवाजात. मग थोडं मोठ्याने. मग आणखी.

"अहो, मी घर सोडून चाललेय."

हे स्क्रू पिळत होते.

"दोन वर्षांपूर्वी मी मरेन असं मला वाटलं होतं. रोज वाटायचं. तुम्ही नळ दुरुस्त करत बसलात."

कढई उलटी करून बघितली, फुंकर मारली. मग माझी सावली भिंतीवर हलली असेल, हे वळले. "अगं, आलीस कधी? रडतेस का?"

मी समोर जाऊन बसले आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "मला छातीत गाठ आली होती. तुम्हाला माहीत आहे?"

हे माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते, ओठांकडे बघत होते. किती वर्षं असं बघताहेत? मला वाटायचं, नजर चुकवतात.

"काय आली होती?"

मी पुन्हा सांगितलं. कढई मांडीवरून खाली पडली. "कधी? आता कशी आहे? दाखवलंस कुणाला? एकटी गेलीस? मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. दोनदा."

मग मला राग आला, तो वेगळाच. इतका, की मी उठून उभी राहिले. "पाच वर्षं! बायकोपासून लपवलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू मला मागांवर जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं!"

"म्हणून नाही सांगितलं." मग हात पुढे करून तळवे दाखवले. "मागांना हात लावला की मला कळतं. पायाखालून कळतं. कुठला दात झिजलाय, कुठला बोल्ट सैल आहे, सगळं. फक्त माणसंच ऐकू येत नाहीत."

"आणि त्या बाईची हाक?"

ह्यांनी कढई उचलली आणि पुन्हा कान बसवायला लागले. बसलेलाच होता तो.

१ मार्च, शुक्रवार

दोन दिवस आम्ही एकमेकांभोवती फिरतोय. आज सकाळी चहा देताना मी समोर उभी राहून म्हटलं, "तो कागद खोटा आहे."

"तू लिहिलास."

"तुम्ही सांगितलंत त्यावरून."

"पाच वर्षं राहिलीत गं निवृत्तीला. गोदामात खोकी उचलू? काल आलेली पोरं मला सांगणार, हे इकडे ठेव, ते तिकडे?"

मला दया येते आणि दया आली की चीड येते. खरं सांगायला गेले तर ह्यांचं काम जाणार, सिस्टरांची अब्रू जाणार, आणखी दहा घरं मला शिव्या घालणार. गप्प राहिले तर एकीचंच जातं. आकडेमोड करून बघितली तर गप्प राहणं बरं. हे गणित मला सुचलं याचीच लाज वाटते.

२ मार्च, शनिवार

त्या बाईच्या घरी गेले. का गेले ते सांगता येणार नाही. पाय घेऊन गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. ती एका हाताने कपडे वाळत घालत होती, चिमटा दातांत धरून. मला बघून घाबरली.

"ऑफिसातून आलात? सोमवारी यायचंय ना मला, येणारेय मी."

"नाही, सहज. हात कसा आहे?"

"एक बोट राहिलं. दुसरं गेलं." तिने मला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली. "बाई, तुम्ही गेटवर असायचात तेव्हा मला एकदा उशीर झाला होता, मुलीला ताप होता. तुम्ही दोन मिनिटं मागे लिहिलीत. आठवतं? म्हणून तुम्हाला सांगते. मी ओरडले होते. तीनदा. घरात सगळे म्हणतात, तू घाबरून गप्प बसली असशील, तुला आता तसं वाटतंय. आता मलाच कळेनासं झालंय. मी ओरडले होते ना?"

ती मला विचारत होती. मी तिथे नव्हते, हे तिला माहीत होतं, तरी विचारत होती.

मी म्हणाले, "ओरडली असणार." एवढंच.

घरी ह्यांना समोर बसवून शब्द न् शब्द सांगितला. दातांतल्या चिमट्यासकट. हे ओठांकडे बघत राहिले. जेवले नाहीत.

सोमवारी मी बोलणार. हे बोलोत न बोलोत. ह्यांना तसं सांगितलं आहे.

४ मार्च, सोमवार

मॅनेजर, साहेब, ती बाई, हे आणि नोंद करायला मी. लांब टेबल. ती एका टोकाला, हे दुसऱ्या. मॅनेजरांनी माझंच वाक्य मोठ्याने वाचलं, 'आवाज दिला नाही', आणि तिला विचारलं, काय म्हणणं आहे. ती खाली बँडेजकडे बघत पुटपुटली.

मी पेन ठेवलं. तोंड उघडलं. तेवढ्यात हे उठले. खुर्ची उचलली, ओढली नाही, उचलली, आणि तिच्या पुढ्यात नेऊन ठेवली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. ती मागे सरली.

"बाई," हे म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने, "मला ऐकू येत नाही. माझ्याकडे बघून सांगा."

साहेब पेन चावायचे थांबले.

तिने मान वर केली. "मी थांबा म्हणाले."

"किती वेळा?"

तिने धडधाकट हाताची तीन बोटं दाखवली.

हे मॅनेजरांकडे वळले. "मग तीनदाच. तिला खोटं बोलायचं कारण नाही. मला होतं."

"पण तुमची तपासणी," साहेब म्हणाले, "पंचवीस, पाचही वर्षं, मी स्वतः शीटमध्ये..."

"ती ओळ खोटी आहे," मी म्हटलं. "कार्डावर तपासणीची तारीख आहे त्यातल्या एका दिवशी हे रजेवर होते, रजिस्टर माझ्याकडे आहे. आणि असल्या अकरा ओळी आहेत. अख्ख्या पिवळ्या आल्या होत्या, आपण एकेक घर ठेवून बाकीची पुसली. तो कागदही मीच लिहिला. तो मला परत लिहायचाय."

साहेब चला चला म्हणाले नाहीत.

परत लिहिला. बाईने डाव्या हाताने सही केली. तिला कामावर ठेवलंय, त्या बोटांवाचून जमेल असं काम बघणार आहेत. जाताना तिने माझ्याकडे बघितलं, त्यात आभार वगैरे काही नव्हतं. असायचं कारणही नाही.

दुपारी सिस्टर आपणहून मॅनेजरांकडे गेल्या. त्यांना घरी बसवलं. त्यांचा डबा दवाखान्यातच राहिला होता, मी नेऊन दिला. दार उघडलं, डबा घेतला, दार लावलं.

६ मार्च, बुधवार

उद्या इन्स्पेक्टर. शीटमध्ये अकरा ओळी पुन्हा पूर्ण पिवळ्या केल्यात आणि शेजारी एक नवा कॉलम घातलाय, आजच्या तपासणीचा. बाहेरून तपासणारी बाई यंत्र घेऊन आली. दवाखान्याबाहेर बाक लावून अकरांना बोलावलं.

आले दहाच, आणि माझ्याकडे असे बघत होते जशी मीच त्यांच्या कानांत काठी घातली. दोन नंबर शेडचा दाढीवाला जॉबर तर तोंडावर म्हणाला, "गेटवर होतात तेच बरं होतं." कुणी आत जायला तयार नाही. एकाला लघवीला जायचं होतं, एकाला घरून फोन येणार होता. भिंतीला पाठी टेकून सगळे जमिनीकडे बघत उभे.

मग अकरावे आले. हे. शेडवरून सरळ, हात पुसत. थेट आत गेले. दार लागलं.

दाराच्या काचेतून मला दिसत होतं. कानांवर हेडफोन, हातात बटण, डोळे मिटलेले. तपासणारी बाई यंत्राचा काटा हळूहळू फिरवत होती. बटण दाबलं जात नव्हतं. तिने आणखी फिरवला. भिंतीशी उभे असलेले सगळे काचेकडे बघायला लागले होते. कितीतरी वेळाने ह्यांचा अंगठा हलला.

बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता. मी आकडा भरून उभी राहिले, समोर, तोंडावर उजेड पडेल अशी.

"किती?"

"सत्तर."

ह्यांनी माझे ओठ पुन्हा एकदा बघितले, खात्री करून घेतली. मान हलवली. मग भिंतीशी उभ्या असलेल्या त्या दाढीवाल्याच्या दंडाला धरून त्याला दाराकडे वळवलं.

"जा आत," म्हणाले. "दुखत नाही."